वंदनाताईंच्या कांद्यांची मुंडकी

"डिटेक्टिव्ह मच्छिंद्र! घनसावंगी तालुक्यातील पहिला खाजगी गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू विजेचा. सर्व प्रकारचे तपास खात्रीशीर : लग्नाआधीचे, लग्नानंतरचे, लग्नाऐवजीचे. गुप्ततेची शंभर टक्के हमी."

हा मजकूर त्यानं स्वतः रचला आणि तीर्थपुरीच्या बाजारात सहा फुटी बोर्डावर टांगला. शेजारी गॉगल घातलेला स्वतःचा फोटो. गुप्तहेर म्हणे! एसटीतले लोक त्याचं थोबाड दिसलं की तीर्थपुरी आली म्हणून पिशव्या उचलतात. मेंदू विजेचा हे मात्र खरं आहे. आमच्याकडं वीज आठ तास येते, आणि ते आठ तास कोणते हे कुणालाच सांगता येत नाही.

मी रेणुका. त्याची बायको, आणि त्याच्या म्हणण्यानुसार सहायक. बोर्डाखालचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान माझं आहे, आणि त्या दुकानातला एक स्टूल हे त्याचं ऑफिस आहे. मागच्या वर्षी देवळाबाहेरून त्याची चप्पल चोरीला गेली. नऊ दिवस तपास चालला. पुजाऱ्यापासून फुलवालीपर्यंत सगळ्यांचे जबाब झाले. चप्पल घरीच होती. हा देवळात अनवाणी गेला होता. ती केस तो 'सुटलेल्या' केसांत धरतो.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथं करणार नाही. कागद माझ्या दुकानातला आहे.

तर फेब्रुवारीतला गुरुवार. सकाळी वंदनाताई धावत दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, सहा मुंडकी गेली!"

मच्छिंद्र इतक्या जोरात उठला की स्टूल मागं उडाला. "सहा? एकाच येळी का सुट्टी सुट्टी?"

"सुट्टी सुट्टी. माझ्या कांद्यांची हो!"

मच्छिंद्रनं स्टूल उचलला आणि पुन्हा बसला. पण डायरी काढली. सहा खून नसले तरी सहा हा आकडा त्याला आवडला होता.

आता हे कांदे काय ते सांगते, कारण गावात यांची चेष्टा सगळ्यांनी केली, समजून एकानंही घेतलं नाही. वंदनाताई जुन्या जालन्यातल्या. माहेर कापडबाजाराच्या बोळात. तिथं उन्हाचा तुकडासुद्धा शेजाऱ्याच्या गच्चीवरून मागून आणावा लागतो. लग्न होऊन तीर्थपुरीला आल्या, तेव्हा घरामागची चार पावलं मोकळी जागा बघून त्यांना वेड लागायचं बाकी राहिलं. त्यांनी तिथं बारमाही बाग केली. शेवंती, सदाफुली, जास्वंद, निशिगंध. वर्षातला एक दिवस असा नाही की तिथं काही फुललेलं नाही. आणि मग मोबाइलवर त्यांनी शोभेचा कांदा पाहिला. कमरेएवढा सरळ दांडा आणि त्याच्या टोकावर नारळाएवढा जांभळा गोळा. खायचा नाही. नुसता बघायचा.

बारा गड्डे मागवले. या कांद्याला आधी कडक थंडी लागते, आणि आपल्याकडची थंडी माणूस स्वेटर शोधेपर्यंत संपते. म्हणून गड्डे दहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवले. त्यातला एक राधाकिसनभाऊंच्या आमलेटमध्ये गेला. राहिले अकरा. काळ्या रानात पाणी धरून गड्डा सडतो, म्हणून वाफा उंच केला, त्यात वाळू मिसळली. वाळू कुठून आणली ते विचारू नका. गोदावरीच्या काठाला वाळूबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून तर नदीत आता नुसती नदीच उरलीय. याची पानं फुलाआधीच पिवळी पडतात, ते वंगाळ दिसू नये म्हणून पुढं शेवंतीची रांग लावली. एवढा विचार आमच्या गावचा रस्ता करताना कुणी केला असता तर मला मणक्याचा पट्टा लागला नसता.

"आन आता कळ्या वर आल्या," वंदनाताई म्हणाल्या, "तर रोज एक गायब! दांडा बुडातून मोडलेला. भाऊ, रविवारी मिस्तरी येऊन राह्यलाय."

"मिस्तरी? संशयित क्रमांक एक," मच्छिंद्रनं लिहिलं.

"अहो, आधी ऐका तर," मी म्हणलं.

राधाकिसनभाऊंनी, म्हणजे वंदनाताईंच्या नवऱ्यानं, चारचाकी घेतली होती. तिला पत्र्याचं शेड पाहिजे होतं, आणि ते बरोबर बागेवरच पाहिजे होतं. वंदनाताई जेवायच्या थांबल्या. तेव्हा तोड निघाली : रविवारी मिस्तरी येईपर्यंत एक, फक्त एक जांभळं फूल उमललेलं दिसलं, तर बाग राहील. नाही दिसलं, तर शेवंतीच्या जागी खांबाचे खड्डे.

मला आधीच राग आला होता. बाईनं मेथी लावली तर कौतुक. शेवगा लावला तर हुशार. नुसतं डोळ्याला बरं वाटावं म्हणून काही लावलं, की साऱ्या गावाच्या पोटात कळ उठते. हेच लोक गेटवर सिमेंटचे सिंह बसवतात. सिंह काय दोन टाइम दूध देतात?

"केस घेतली," मी म्हणलं. मच्छिंद्रनं माझ्याकडं पाहिलं. केस घेण्याचं काम त्याचं होतं. "घेतली," तोही म्हणाला, जरा जाड आवाजात.

बागेत पोचलो. राधाकिसनभाऊ माल आणायला जालन्याला गेले होते. त्यांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान आहे. ओट्यावर त्यांची आई, गोपिकाबाई, भाजी निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण सकाळी उठून सगळ्या बागेला पाणी तीच बाई घालते. सून आणि सासू यांचं इतकं पटतं की गावाला तोही संशयाचा विषय वाटतो.

मच्छिंद्रनं त्याच्या आजोबांचं पोथी वाचायचं भिंग काढलं. वाफ्यात सहा खुंट होते, जमिनीपासून दोन बोटांवर मोडलेले. पाच दांडे शाबूत होते. टोकाला हिरवी, टोकदार, झाकण लावलेल्या पेनासारखी कळी.

"रेणुके, लिही. गुन्हेगार दोन बोटं उंचीचा हाय."

"दोन बोटं उंचीचा गुन्हेगार?"

"न्हाई तर वाकलेला."

एवढ्यात त्याला मातीत चार काळ्या गोळ्या सापडल्या. भिंगातून त्या लिंबाएवढ्या दिसत होत्या. त्यानं एक उचलली, हुंगली, आणि भिंतीपलीकडं बघून ओरडला, "रखमाजीबाबा, तुमची शेरडं कुठंयत?"

शेजारचे रखमाजीबाबा भिंतीवर कोपर ठेवून कधीपासून मजा बघत होते. त्यांच्या आजोबापासून घरात शेळ्यामेंढ्या. "हायेत की. काहून?"

"एक साक्षीला पाहिजे."

बाबांनी पांढरी शेळी भिंतीवरून अशी उचलून दिली, जशी वाटी देतात. मच्छिंद्रनं तिच्यापुढं कांद्याचं पिवळं पान धरलं. शेळीनं वास घेतला आणि तोंड असं फिरवलं, जसं मी त्याच्या कवितांना फिरवते. मग तिनं त्याच्या डायरीचं पान खाल्लं. ज्यावर 'आरोपी : शेळी' लिहिलं होतं, तेच.

"पुरावा नष्ट करून राह्यली! बघितलं?"

"लेंड्या म्या दिल्यात खताला," रखमाजीबाबा म्हणाले. "वंदनानं मागितल्या. शेरडू कशाला यील हितं, दार तर बंद असतंय."

तासभर आम्ही वाफ्याभोवती फिरलो. हा मोजमापं सांगत होता, मी लिहीत होते. मग गोपिकाबाईंनी जेवायला बसवलं. पिठलं-भाकरी. मच्छिंद्रनं पिठलं तीनदा घेतलं.

"आजी, काय घातलंय यात? लई फर्मास!"

"काय न्हाई बाबा, हिरवं हाय जरासं."

"याला म्हनतात हात," तो मला म्हणाला. मी त्याला वाढायचं बंद केलं.

संध्याकाळी वंदनाताईंचा फोन. आवाज रडवेला. पाचाचे चार झाले होते.

मच्छिंद्रनं खोलीत सात फेऱ्या मारल्या. "बराबर. आपण जाईपर्यंत पाच. गेल्यावर चार. याचा अर्थ काय?"

"पाचातून एक गेला."

"याचा अर्थ, रेणुके, टोळी आपल्यावर नजर ठेवून हाय! गड्डे कुठून आले? परदेशातून. कळीत काय असतं? बी. बी म्हंजी काय? गुपित! ही आंतरराष्ट्रीय कांदा टोळी हाय."

"टोळीला बी पाहिजे तर ती पिकू देईल. कच्ची कळी कशाला मोडेल?"

त्यानं आठवी फेरी मारली. "अडाणी टोळी हाय," तो म्हणाला.

शुक्रवारी भर दुपारी सापळा रचला. बागेच्या कोपऱ्यात वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग होता, चुलीला ठेवलेला. त्यात मच्छिंद्र घुसला. कापसाच्या पऱ्हाटीत शिरणं म्हणजे हजार बोटांनी एकाच वेळी ढोसून घेणं. आतून आवाज आला, "कुणाला दिसून राह्यलो का?"

"फक्त चपला."

चपला आत गेल्या. मी दुकानात गेले; कुणीतरी संसार चालवायला पाहिजे. चार वाजता परत आले तर ढीग घोरत होता. घोरण्याच्या लयीत पऱ्हाटी वरखाली होत होती, आणि रखमाजीबाबांची शेळी भिंतीवर पाय ठेवून ते कौतुकानं बघत होती. वाफ्यात दांडे दोन.

वंदनाताई दारात उभ्या होत्या. खाली बसल्या, आणि मोडलेला एक खुंट बोटानं चाचपत राहिल्या, जसं लेकराचं कपाळ चाचपतात. तेव्हा मला वाटलं, बोर्ड उतरवावा आणि त्या बोर्डानंच याला झोडावं.

"झोपलो न्हवतो," मच्छिंद्र केसातली बोंडं काढत म्हणाला. "श्वासाचा अभ्यास करून राह्यलो होतो. आन मला गुन्हेगार कळालाय. उद्या सकाळी समद्यांना अंगणात जमवा."

शनिवारी सगळे जमले. राधाकिसनभाऊ दुकान उघडायचं सोडून आले होते आणि हातात मोजायची टेप होती. गोपिकाबाई ओट्यावर, कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून. रखमाजीबाबा भिंतीवर. वंदनाताई उभ्या, त्यांची नजर त्या दोन दांड्यांवर. त्यातल्या एकाचं झाकण फाटलं होतं आणि आतून जांभळं डोकावत होतं. एक दिवस. अजून एक दिवस फक्त.

मच्छिंद्र वाफ्यात उतरला. गॉगल घातला. सकाळची उन्हं, चांगलं दिसत होतं, तरी घातला.

"मंडळी! गुन्ह्याला तीन गोष्टी लागतात. कारण, संधी आन... आन..."

"हत्यार," मी म्हणलं.

"तेच सांगून राह्यलो होतो. या बागेचा नाश व्हावा असं कुणाला वाटतं? शेडाची घाई कुणाला? टेप कुणाच्या हातात?" त्यानं बोट रोखलं. "राधाकिसनभाऊ! खेळ खलास!"

राधाकिसनभाऊ आधी गोरेमोरे झाले, मग लाल. "म्या? मला मोडायचंच असतं तर एक एक दांडा मोडत बसलो असतो का? जेसीबी लावला असता! पाच मिनटाचं काम!"

"शांत डोक्यानं केलेला गुन्हा..."

"परवा सांजंपर्यंत म्या जालन्यात होतो माल आणाया. काल दिवसभर काउंटरवर. अन् त्या चिखलात म्या पाय बी ठेवत न्हाई, नवी चप्पल हाय!"

"तेच म्हनतो," मच्छिंद्र खाली वाकला, "अट्टल गुन्हेगार मागं खूण सोडत न्हाई. बघा हा खुंट. बघा मोडायची सफाई. ही सराईत हाताची मोड हाय. असा हात, की जो जातायेता, इकडं तिकडं बघत, बोलता बोलता..."

टक्.

असा आवाज झाला. बारीक, ओला, ताज्या भेंडीसारखा.

मच्छिंद्रच्या उजव्या हातात एक दांडा होता, टोकाला हिरवी कळी. त्यानं स्वतःच्या हाताकडं असं पाहिलं, जसा तो हात दुसऱ्या तालुक्यातून आलाय.

आणि ओट्यावरून गोपिकाबाईंचा आवाज आला, अगदी समाधानाचा. "बरं केलंस बाबा. कालपासून माझी कंबर धरलीय, ते दोन मोडायचे ऱ्हायलेच होते."

वंदनाताई वळल्या. "आत्याबाई?"

"काय गं?"

"तुम्ही मोडता?"

"मंग! रोज सकाळी पाणी घालताना पाह्यते, तर एखादा डेंगळ्याचा दांडा वर आलेला. कांद्याला डेंगळा येऊ देत्यात का कधी? समदी ताकद त्याच्यातच जाती, खाली कांदा पोचट ऱ्हातो. तू एवढे लाडाचे कांदे, फ्रिजमधी ठिवून वाढवले. म्हनलं पोरगी शहरातली, तिला काय ठावं. गुमान मोडून टाकत गेले. आन टाकून कशाला द्यायचे, पिठल्यात घातले."

मच्छिंद्रचा हात पोटावर गेला. तीनदा घेतलं होतं त्यानं. पुरावा, पुन्हा पुरावा, आणि अजून थोडा पुरावा.

"पण आत्याबाई, मी रोज रडत होते, माझी फुलं चोरीला गेली म्हणून!"

"फुलं म्हनत होतीस. फुलाला म्या कवा हात लावला? मला वाटलं शेवंतीचं म्हनतीस."

"मी फोटो दाखवला होता तुम्हाला."

"मला कुठं दिसतंय बाई त्या मोबाइलमधी. जांभळं गोल दिसलं, म्हनलं वांगं असंल."

मच्छिंद्र सावरला. त्याचं ते एक कौतुकास्पद आहे. झोपला तरी सावरतो. "आजींनी किती मोडले?"

म्हातारीनं बोटांवर मोजलं. "सहा. काल दुपारचा धरून."

"पण गेलेत दहा. एक म्या मोडला. ऱ्हायले तीन."

भिंतीवरून खोकला ऐकू आला. "दोन माझे हायेत," रखमाजीबाबा म्हणाले. "लेंड्या टाकाया आल्तो तवा एक, काल दुपारी येक. ध्यानातच न्हाई. हात जातोच. साठ वर्सं कांदा केला बाबा."

"ऱ्हायला एक," मच्छिंद्र म्हणाला. "गुरुवारचा. पाचाचे चार झाले तो. त्या दिवशी हितं कोण कोण होतं?"

आता इथं मी गप्प बसू शकले असते. कुणाला कळलं नसतं. पण मी साऱ्या गावाला शिव्या देत आलेय, मग स्वतःला सोडायला मी काय सरपंच आहे? मी पिशवीत हात घातला. गुरुवारपासून तीच पिशवी होती. डायरीखाली, पेनांमध्ये, माझ्या हाताला तो लागला. सुकलेला, वाकडा, टोकाला कळी. मी त्याला दोन दिवस पेन समजत होते. कधी मोडला, मला आजही सांगता येणार नाही. बापाच्या वावरात आठव्या वर्षापासून मी सरीतून चालत डेंगळे मोडत आले. लग्न झालं, दुकान टाकलं, कांद्याच्या रानात पाय ठेवून वीस वर्षं झाली; हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की आता बंद कर.

"रेणुके!" मच्छिंद्र म्हणाला. इतका आनंद त्याला आमच्या लग्नातही झाला नव्हता.

मग वंदनाताईंनी काय करावं? मला वाटलं रडतील. त्या हसायला लागल्या. आधी नाकातून, मग पोटातून, मग शेवंतीला धरून खाली बसल्या. अंगणात एकच माणूस होता ज्यानं एकही दांडा मोडला नव्हता, आणि त्यालाच आम्ही आरोपी केलं होतं. राधाकिसनभाऊंच्या बापानं वावर बटईनं दुसऱ्याला कसायला दिलेलं. त्यांना कांदा फक्त आमलेटमध्ये ओळखू येतो. "मला सोडून समदं गाव चोर निघालं," ते म्हणत होते, आणि हसू दाबायला टेप चावत होते.

पण दांडा एकच राहिला होता. नशीब, फाटक्या झाकणाचाच.

गोपिकाबाई उठल्या. कंबर धरूनच. खुर्ची वाफ्याशेजारी मागवली, हातात काठी घेतली आणि बसल्या. "आता कुणी जवळ आलं तर बघतेच. पयला माझाच हात बांधा."

खरोखरच बांधला. वंदनाताईंनी त्यांचा उजवा हात पदराच्या टोकानं खुर्चीला बांधला. डाव्या हातात काठी. दिवसभर लोक बघायला येत होते, कारण बातमी माझ्या दुकानातूनच गेली होती. जो येई तो बोलता बोलता वाकून हात पुढं करी, आणि काठी बसे. सोसायटीचे चेअरमन आले, त्यांना बसली. कृषी खात्याचे एक साहेब रिटायर होऊन गावात आलेत, त्यांना दोनदा बसली.

रविवारी सकाळी मिस्तरी सोमेश्वर थैली घेऊन हजर. आम्ही सगळे वाफ्याभोवती. कळी फुटली होती, पण निम्मीच. एका बाजूला जांभळ्या चांदण्या दाट उमललेल्या, दुसऱ्या बाजूला अजून हिरव्या मिटलेल्या पुड्या.

राधाकिसनभाऊंनी निरखून पाहिलं. त्यांना गाडीवर पडणारं ऊन दिसत होतं. "हे निम्मंच हाय," ते हळूच म्हणाले. "बोलणं उमललेल्या फुलाचं झाल्तं."

वंदनाताईंचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, एवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"राधा, तू सातव्या महिन्यात जल्मला. एवढा व्हता, बोळ्यावर दूध पाजलं तुला. अर्धाच हाय म्हून दाईनं तुला मोजला न्हाई का?"

मिस्तरी हसला. राधाकिसनभाऊंनी टेप खिशात घातली. "मिस्तरी, शेड समोरच्या अंगाला घ्या."

"तिथं जागा आखूड हाय, मालक. गाडीचं ढुंगण बाहेर ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ द्या."

"बराबर," म्हणत मिस्तरी फूल बघायला वाकला, "काय पण रंग हाय..." आणि त्याचा हात पुढं गेला. आम्ही सहा जण एकदम ओरडलो. काठी त्याच्याआधी पोचली.

आता त्या वाफ्याला सुतळी बांधलीय आणि मी लॅमिनेट करून दिलेली पाटी आहे : हात मागे बांधून बघणे. गड्डे सगळे जिवंत आहेत. पानं सुकली की काढायचे आणि पुन्हा फ्रिजमध्ये. गोपिकाबाईंना ते आवडलंय. म्हणतात, डेंगळे इतके मोडलेत, गड्डे चांगले पोसले असतील.

मच्छिंद्रनं बोर्डावर एक ओळ वाढवली आहे : 'कांदा प्रकरणातील आरोपी रंगेहाथ पकडला.' मी पुसायला सांगितलेली नाही. खोटं काहीच लिहिलेलं नाही त्यानं. हात त्याचाच होता.